फुलझाडांच्या पानांवरील ठिपके : ओळख व उपाय

देवपूजेसाठी लागणारा गुलाब, झेंडू व शेवंती आपल्याकडे घरोघरी परसात लावली जातात. बेळगाव-निपाणी परिसरात जून ते सप्टेंबर पाऊस असतो. श्रावण व गणेशोत्सव याच काळात येतात आणि नेमक्या याच दिवसांत झाडांच्या पानांवर ठिपके पडून पाने गळू लागतात. हा दृष्टीचा दोष नसून बहुधा बुरशीजन्य रोग असतो.

लक्षणे
गुलाबाच्या पानावर कडा विस्कटलेले काळे डाग पडतात, भोवतालचा भाग पिवळा होऊन पान गळते. शेवंतीचा रोग खालच्या पानांपासून वर चढतो. झेंडूवर तपकिरी ठिपके पडून ते पसरतात.

कारण
गुलाबाचे पान सुमारे 7 तास सतत ओले राहिले, की बुरशीचे बीजाणू त्यात शिरतात. गळलेल्या पानांतही बुरशी टिकून राहते व पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पुन्हा झाडावर येते.

उपाय
रोगट पाने वेचून जाळावीत किंवा खोल पुरावीत. खतखड्ड्यात टाकू नयेत. झाडांत मोकळे अंतर ठेवावे. पाणी सकाळी व बुंध्याशीच द्यावे. कात्री प्रत्येक झाडानंतर स्वच्छ करावी.

रोग वाढल्यास एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. 10 लिटर पाण्यास 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम कळीचा चुना लागतो. दोन्ही मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात विरघळवून, गाळून एकत्र करावेत. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा; त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी, पावसाची उघडीप पाहून वापरावे. फवारताना हातमोजे घालावेत व नाकातोंडावर फडके बांधावे. कोवळी पाने करपण्याचा संभव असल्याने प्रथम एकाच झाडावर प्रयोग करावा.

भाविकांसाठी विशेष सूचना
तुळस तीर्थात पडते व भाविकांच्या मुखी जाते. म्हणून तुळशीवर, तसेच पूजेच्या दूर्वा व बेलावर, कोणतेही औषध फवारू नये. डागाळलेली पाने खुडून टाकणे हाच तेथील उपाय होय. जवळच्या फुलझाडांवर फवारताना तुळस झाकून ठेवावी. फवारलेली फुले तीर्थाच्या वा नैवेद्याच्या पात्रात घालू नयेत. देवास एखादे फूल कमी वाहिले तरी चालेल, परंतु तीर्थ निर्मळच असावे.