'डेट'मधला बी आणि 'नाइफ'मधला के : न बोलणाऱ्या अक्षरांची गोष्ट

आजचा एपिसोड कानांचा आहे, त्यामुळे हेडफोन असतील तर लावा. आणि जे ही ट्रान्सक्रिप्ट वाचताय, त्यांनी ओठ हलवत वाचलं तरी चालेल. कोणी बघत नाही.

सुरुवात माझ्या फजितीपासून. पुण्यातली पहिली नोकरी, सकाळची मीटिंग. घाईत केलेलं कच्चं काम पुढे व्याजासकट निस्तरावं लागतं, त्याला आमच्या धंद्यात कर्जाचंच नाव आहे. मी ऐटीत म्हणालो, "टेक्निकल डेब्ट." पलीकडून आवाज आला, "डेब्ट नाही रे, डेट. बी सायलेंट असतो." सगळे हसले. मीही हसलो. पण पुढचे दोन-तीन महिने मीटिंगमध्ये तोंड उघडण्याआधी प्रत्येक शब्द मनात एकदा म्हणून बघायचो. बऱ्याचदा तोवर विषय बदललेला असायचा.

मी सिंदीचा. वर्धा जिल्हा, तान्ह्या पोळ्याचं गाव. कागदावर पूर्ण नाव 'सिंदी (रेल्वे)'. म्हणजे गावाच्या नावातच इंग्रजी शब्द! 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली आणि 1867 मध्ये तीच कंपनी आमच्या भागातून नागपूरला पोचली. त्या गाडीबरोबर शब्द आले : तिकीट, इंजिन, सिग्नल, टेसन. लोकांनी ते कानाने घेतले. स्पेलिंग कोणी पाहिलंय? आजी आयुष्यभर 'टेसनावर' म्हणाली, तिला कोणी हसलं नाही.

दुसरी वाट छापील कागदाची. 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी असायचा. आम्ही शाळेतली पोरं याच वाटेची. इंग्रजी पुस्तकात भरपूर, पण घरीदारी बोलणारं कोणी नाही. डोळ्यांनी शिकलेला माणूस बी दिसला की बी म्हणणारच ना?

आता हा बी आला कुठून? जुन्या इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला तो 'डेट' असाच, बी नसलेला. पुढे पंडित मंडळींना आठवलं, की याचं लॅटिन मूळ 'डेबिटम', त्यात बी आहे. मग शोभेसाठी बी घातला. 'डाउट' म्हणजे शंका, तिचीही तीच कथा. शेक्सपिअरच्या 'लव्हज् लेबर्स लॉस्ट' नाटकात एक मास्तर आहे. लोक या दोन शब्दांतला बी उच्चारत नाहीत म्हणून तो चिडचिड करतो! नाटक 1598 मध्ये छापलं गेलं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी रंगमंचावर माझ्यासारखा एक जण होताच. हसू तेव्हाही त्याच्यावरच होतं, ते सोडा.

पण सगळे बी सारखे नाहीत. 'लॅम' म्हणजे कोकरू, 'कोम' म्हणजे कंगवा, 'क्लाइम' म्हणजे चढणं. यांच्यातला बी एके काळी खरंच उच्चारला जायचा, नंतर गळला. 'थम' म्हणजे अंगठा आणि 'क्रम' म्हणजे पावाचा चुरा. यांच्यात मुळात बी नव्हताच, शेजाऱ्यांचं पाहून चिकटला. आणि 'बॉम्ब'? इंग्रज म्हणतात 'बॉम'. आपण बी ठणकावून म्हणतो, बॉम्बस्फोट! त्याला कोणी चूक म्हणत नाही, कारण तो आता आपला शब्द आहे.

आता के-एनची जोडी घ्या. नी म्हणजे गुडघा, नाइफ म्हणजे चाकू, नॉट म्हणजे गाठ, नीड म्हणजे कणीक मळणं, नो म्हणजे जाणणं. हा के शोभेचा नाही. पूर्वीचे इंग्रज तो चांगला 'क्न' करून म्हणायचे. जर्मन लोक गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात. झालं असं, की 1476 मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना टाकला आणि हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं. जीभ मात्र थांबली नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत के बोलण्यातून गेला, कागदावर राहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना कोड, कोणी डिलीट केलाच नाही.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. 1786 मध्ये विल्यम जोन्सने कलकत्त्यात भाषण केलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं. पुढे अभ्यासकांनी शब्द जुळवले. गुडघ्याला संस्कृतात 'जानु', आपल्या 'आजानुबाहू'मधला. तोच इंग्रजीत 'नी'. आणि जाणण्याचा जो 'नो', त्याचा संस्कृत नातेवाईक म्हणजे 'ज्ञा'. ज्ञानातला ज्ञ!

या ज्ञचं आपण काय केलंय बघा. लिहिताना तो ज अधिक ञ. मराठीत म्हणतो 'द्न्यान', हिंदीत 'ग्यान'. वर्ध्याकडे दोन्ही ऐकू येतात. लिहिल्याप्रमाणे म्हणणारा शोधूनही सापडत नाही, आणि तरी आपण अभिमानाने सांगतो, मराठी जशी लिहितो तशीच बोलतो.

मागच्या महिन्यात सातवीतल्या भाचीचा गावाहून फोन आला. वर्गात ती 'क्नाइफ' म्हणाली आणि पोरं हसली. म्हणाली, "मामा, म्हणायचाच नाही तर के लिहितात काहून?" मला माझ्या शाळेत मिळालेलं उत्तर आठवलं : असंच असतं, पाठ कर. ते मी दिलं नाही. पाऊण तास हीच गोष्ट सांगितली, जी आज तुम्हाला सांगतोय. उच्चार 'नाइफ'च कर, पेपरात के लिहायला विसरू नको, पण लाजू नको, असंही सांगितलं. तू चुकलीस ती वाचल्यामुळे चुकलीस.

शेवटी तिने विचारलं, "मग ते हसले तेव्हा काय म्हणू?" याचं उत्तर मला अजून नीट सुचलेलं नाही. तुम्ही अशा कुठल्या शब्दावर अडखळला होतात, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. आणि हो, अडखळतच पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडला!