डिझेल फिल्टर अडला म्हणून थोडा इतिहास

परवा टोमॅटोच्या साठ जाळ्या भरून नारायणगाव मार्केटला निघालो आणि चढावर पिकअपनं ओढ सोडली. डिझेल फिल्टर चोक. नवा गाडीतच होता, पण जुना हलेना. मागच्या वेळी बसवणाऱ्यानं रबरी रिंग कोरडीच ठेवून पान्यानं आवळला होता. पोरगं म्हणालं, आबा, स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवू. ठोकला. पत्रा टरकन फाटला, डिझेल कोपरापर्यंत आलं, फिल्टर जागेवरच. शेवटी जुन्या फॅन बेल्टचा फास घालून, त्यात दांडकं अडकवून पिळ दिला तेव्हा कुठं सुटला. दोन तास गेले. मार्केटला पोचलो तर सौदे उरकत आलेले, मिळेल त्या भावाला माल दिला.

हे एवढं गाळणं इंजिनाला लागतं कशाला, म्हणून मी जरा मागं जाऊन वाचलं.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाचं इंजिन 1897 मध्ये आउग्सबुर्गला नीट चाललं. त्यात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, म्हणजे इंजिनाबरोबर कॉम्प्रेसर आलाच. असलं धूड कारखान्यात नाहीतर जहाजात ठीक, गाडीत कसं मावणार? तो प्रश्न पंपानं सोडवला. रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं 1927 मध्ये डिझेलचे इंजेक्शन पंप कारखान्यात भराभर काढायला सुरुवात केली. आपल्याकडं तोच पंप आला तो मायकोच्या नावानं, 1951 नंतर. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून मायकोच आहे.

आता खरी गोम. या पंपात दट्ट्या आणि नळी यांच्यामधली फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाएवढी असते. आपला केस सत्तरेक भागांचा. तिथं ना वॉशर ना पॅकिंग, डिझेल हेच वंगण. मातीचा बारीक कण शिरला की ओरखडा पडला, आणि ओरखडा पडला की दाब गेला. म्हणून पंपाच्या पाठोपाठ फिल्टर आला. आधी कापड, नमदा, मग घड्या घातलेला कागद.

वडिलांच्या वेळी विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. टाकीच्या तोंडाला धोतराचं फडकं लावून डिझेल ओतायचे. इंजिन संथ, नोझल दीड-दोनशे किलो दाबावर उघडणारं, ते बरंच पोटात घालायचं. 1997 पासून गाड्यांत कॉमन रेल आलं आणि दाब तेराशेच्या वर गेला, आता दोन हजाराच्याही पुढं आहे. फवारणीच्या एचटीपीला आपण तीस किलो ठेवतो, त्यावरून अंदाज करा. या नोझलला धोतर पुरत नाही. आणि एक, जुन्या सवयीनं नोझलचा पाईप ढिला करून हवा काढायला जाऊ नका. ती धार कातडीत घुसते, हात कापायची पाळी येते. फिल्टरजवळच्या हातपंपानं हवा काढायची.

नवा बसवताना रिंगला डिझेलचं बोट फिरवलं, रिंग टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा दिला, पान्याला हात लावला नाही. मधल्या भोकातून डिझेल भरायचं नाही, ती गाळलेल्या डिझेलची बाजू. तिथं ओतलेलं सरळ पंपात जातं. गॅरेजवाले सर्रास ओततात, डोळ्यादेखत.

घरी येऊन फाटका फिल्टर कापून पाहिला. कागद काळा आणि तळाला चमचाभर पाणी, तांबडा गंज. गंज पाहिल्यावर कळलं, ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या बॅरलमधून मीच पिकअपमध्ये ओतत होतो. बॅरल आता कलता ठेवलाय आणि नळ तळापासून चार बोटं वर घेतलाय.