रानातले कोठार

इ. स. १८६४ साली उत्तर कानडा जिल्ह्यातील सुप्याच्या रानात बांबू फुलला. ही वार्ता शेजारच्या धारवाड व बेळगाव जिल्ह्यांत पोहोचली, आणि गावोगावची माणसे पोती, टोपल्या व सुपे घेऊन त्या रानाकडे निघाली. सुमारे पन्नास हजार माणसे तेथे लोटली, अशी नोंद वनशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतून आढळते. एकेक टोळी दहा ते चौदा दिवस रानात मुक्काम करी, पावसाळ्याचे महिने निभतील एवढे बी घरच्यासाठी बांधून घेई आणि थोडे विक्रीसाठीही नेई. धारवाडच्या काळ्या जमिनीत त्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला होता. पण धान्याचे भावही त्याच्याबरोबर चढले होते. ज्याच्या शेतात कापूस नव्हता, त्याला रानाचा हा प्रसाद केवढा मोलाचा वाटला असेल! ते जुने सुपे गाव पुढे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले.

कळकाच्या बेटाला फूल येते ते कित्येक तपांनी एकदा. एका टापूतील सारी बेटे बहुधा एकाच सुमारास फुलतात, दाणे झाडतात आणि उभ्याउभ्या वाळून जातात. हा दाणा गव्हासारखा दिसतो आणि भातासारखा शिजतो; म्हणून त्याला वेळूचे तांदूळ म्हणतात. उंदरांनाही तो तितकाच प्रिय असल्यामुळे फुलोऱ्यामागून उंदरांचा सुळसुळाट होतो आणि रानातला दाणा संपला की ते शेताकडे वळतात. म्हणून बांबूचा फुलोरा हे दुष्काळाचे लक्षण, असा समज पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. सुप्याच्या वाटेवरील पन्नास हजार माणसांना मात्र तो दुष्काळावरचा उतारा वाटला, आणि त्यांचे काही चुकले नाही.

परंतु बांबूचे बी हे क्वचित लाभणारे घबाड होय. अडल्या वर्षी माणसाला तारणारे अन्न याहून पुष्कळ साधे असते, आणि ते घराच्या परसापासून गावच्या माळापर्यंत पसरलेले असते. पावसाची पहिली सर पडली की टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा, पाथरी या भाज्या उगवतात. उंबर आणि वड दुष्काळातही फळतात, कारण त्यांची मुळे खोल गेलेली असतात. देशावर बरबडा नावाचे एक रानटी कडधान्य माळावर आपोआप येते. त्याचे बारीक दाणे झोडून, दळून ते ज्वारीच्या पिठात मिसळीत आणि त्याची भाकरी थापीत. चैत्रात, म्हणजे कणग्या रिकाम्या होण्याच्या सुमारास, मोहाची फुले गळतात. ती वाळवून ठेवली की महिनोन्‌महिने टिकतात; त्यांत साखर भरपूर असते. मध्य प्रांतापासून ठाण्याच्या डोंगरापर्यंत कित्येक घरांचा उन्हाळा याच फुलांवर निघत असे.

हे सारे वाचताना रान म्हणजे भरलेले ताट आहे, केवळ हात पुढे करावयाचा अवकाश, असा भास होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. रानातले बरेचसे अन्न प्रथमदर्शनी विषच असते. कडू करांदा तसाच खाल्ला तर घसा धरतो आणि ओकाऱ्या होतात. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करून त्या राखेच्या पाण्यात उकडावयाच्या, मग परडीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवावयाच्या, आणि कडवटपणा गेला की नाही हे जिभेच्या टोकाने पाहावयाचे. त्यातील विषारी अंश पाण्यात विरघळतो, हे रसायनशास्त्राने सांगितले ते फार उशिरा. कातकरी आणि ठाकूर स्त्रियांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. शेवळांची गोष्ट अशीच. आषाढापूर्वी जमिनीतून वर येणारा हा कोंब चिरून तसाच शिजवला तर तोंडाला खाज सुटते. त्यात काकडाच्या आंबट फळांचा रस घातला तर त्याच शेवळांची उत्तम भाजी होते. कोणती वनस्पती खावी हे अर्धेच ज्ञान. ती कशी खावी हे उरलेले अर्धे, आणि जीव वाचतो तो या दुसऱ्या अर्ध्यामुळे.

हे ज्ञान तोकडे पडले तर काय होते, याचे एक भीषण उदाहरण सागर प्रांतात घडले. मराठ्यांची सत्ता जाऊन तेथे इंग्रजी अंमल बसून फार दिवस झाले नव्हते. १८२९ साली गारपिटीने गहू झोडपला, १८३० साली पावसाने दगा दिला आणि १८३१ साली तांबेऱ्याने पीक खाल्ले. गव्हात तणासारखी उगवणारी लाख तेवढी तरारून आली. लोकांनी तीच कापली आणि पुढे तिच्यावरच दिवस काढले. १८३३ पासून तिशीच्या आतल्या धडधाकट माणसांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. तेथील अधिकारी विल्यम स्लीमन याने ही हकीकत आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवली आहे. लाखेतील विषद्रव्य बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी वेगळे काढले, ते १९६४ साली. मूठभर लाख इतर अन्नाबरोबर खाल्ल्याने सहसा अपाय होत नाही. महिनोन्‌महिने दुसरे काहीच न मिळणे, हा खरा अपाय.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. सोलापूर आणि कलादगी हे जिल्हे सर्वांत अधिक पोळले. बेळगाव, धारवाड, सातारा, पुणे व नगर यांचीही दैना झाली. सरकारने दुष्काळी कामे काढली खरी; पण १८७७ च्या आरंभी व्हाइसरॉयने पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांच्या मताने मजुरी उतरविण्यात आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा! हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्या अर्ध्या उपासाची भर लोकांनी कशाने काढली, याचे उत्तर माळावर होते. फड्या निवडुंगाची बोंडे, गवताचे बी, उंबर, पाला, जे हाती लागेल ते पोटात गेले. नुसत्या पाल्यावर राहिलेल्या शरीराला हगवण आणि ताप गाठतात, आणि मग मृत्यूच्या नोंदीत भुकेचे नाव येत नाही.

या अन्नाची दखल सरकारी दफ्तराने घेतली, ती पुढे एका गोमंतकीय वैद्यामुळे. डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतीविषयक पंचविसावा खंड १८८६ साली निघाला. त्यात लिस्बोआंनी उपयुक्त वनस्पतींची माहिती लिहिली आणि दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींना वेगळे स्थान दिले. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०२ साली, जी. ए. गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबई इलाख्यापुरती अशीच आणखी एक यादी प्रसिद्ध केली.

एका हाताने यादी होत होती, आणि दुसऱ्या हाताने कोठाराला कुलूप लागत होते. दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८७८ साली जंगलचा कायदा आला आणि राखीव रानात कंद खणणे, फळे वेचणे हा हक्क न राहता सवलत झाली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून एवढी ओरड झाली, की सरकारला जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमावा लागला. त्यावर कडी झाली १८९२ साली. मोहाच्या फुलांपासून घरोघर दारू गाळली जाते आणि अबकारीचे उत्पन्न बुडते, म्हणून मुंबई सरकारने ‘मोहरा कायदा’ केला आणि त्याच दोन जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले. दारू गाळली जात नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या घरात वैशाखात दुसरे काही शिजत नव्हते, त्या घरातील फुलांची टोपलीही त्या कायद्याच्या कक्षेत आली. चारच वर्षांनी, १८९६ साली, पाऊस पुन्हा फसला.

ठाणे, पालघर, रायगड या भागांतील बाजारांत अजूनही पावसाळ्याच्या तोंडाला आदिवासी स्त्रिया पहाटेच्या गाडीने येऊन रस्त्याच्या कडेला रानभाज्या मांडून बसतात. टाकळ्याचे वाटे असतात, करांदे असतात, शेवळांच्या जुड्या असतात. शेवळे घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत विकणारी बाई, त्याने न मागता, काकडाची चार फळे टाकते.