केळ्याचं कॉपी-पेस्ट

मंडळी, केळ्यात बिया का नसतात, असा प्रश्न कधी पडलाय? जंगली केळ्यात असतात, चांगल्या टणक. आपल्या खाण्यातल्या केळ्याला मात्र बीच धरत नाही. मग बाग लावायची कशी? बुंध्याशी फुटलेला मुनवा काढून दुसरीकडे लावायचा. म्हणजे आमच्या भाषेत शुद्ध कॉपी-पेस्ट! प्रत्येक झाड मागच्याची हुबेहूब प्रत. त्यामुळे एकाला मारणारा रोग सगळ्यांनाच मारू शकतो.

हे एकदा घडून गेलंय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत केळ्याचा व्यापार वाढला तो 'ग्रो मिशेल' या एकाच जातीवर. साल जाड, त्यामुळे बोटीच्या प्रवासात फळ टिकायचं. युनायटेड फ्रूटसारख्या कंपन्यांनी मध्य अमेरिकेत जंगलं तोडून मैलोन् मैल हीच जात लावली. मग आला मर रोग. फ्युजेरियम नावाची मातीतली बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करते. झाड पिवळं पडून उभं वाळतं. औषध नाही, आणि बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं राहते. पनामात तिने इतका धुमाकूळ घातला की नावच पडलं 'पनामा रोग'. कंपन्यांनी काय करावं? नवं जंगल तोडलं आणि तिथे तेच मुनवे लावले. सोबत बुरशीही गेली! १९६० च्या सुमारास ग्रो मिशेलची सद्दी संपली.

तिच्या जागी आली कॅव्हेंडिश. १८३० च्या दशकात इंग्लंडमधल्या कॅव्हेंडिश घराण्याच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने वाढवलेली ही जात त्या बुरशीला दाद देत नव्हती. झालं, सगळीकडे कॅव्हेंडिश! सर्व्हर बदलला, पण बॅकअप काही ठेवला नाही.

आता बुरशीचा 'टीआर-४' हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तैवानमध्ये आढळल्यानंतर तो पसरत २०१३ मध्ये जॉर्डन आणि मोझांबिकमध्ये दिसला, २०१९ मध्ये कोलंबियात. आपल्याकडे बिहारमध्येही सापडलाय. बुटाला लागलेली माती त्याला पुरते, मग पुराच्या पाण्याचं काय सांगावं! आणि पाऊस आता कसा पडतो ते आपण बघतोच. शिवाय उष्णता वाढली तर २०५० पर्यंत भारतातलं केळ्याचं उत्पादन घटेल, असा अंदाज एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलाय.

जळगावची जुनी बसराई काय किंवा आताची ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिशच. टिश्यू कल्चरची रोपं लॅबमधून निरोगी येतात हे खरं, पण मातीत बुरशी असेल तर तीही मरतात.

२०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने 'टीआर-४'ला तोंड देणाऱ्या जनुक-बदल केलेल्या कॅव्हेंडिशला मंजुरी दिली. ते जनुक आलं कुठून? त्याच टणक बियांच्या जंगली केळ्यातून! म्हणजे बॅकअप होता, आपण बघितला नव्हता एवढंच. पण पुन्हा सगळीकडे हीच एक जात लावली तर गाडी परत तिथेच येणार.

असो. बाजारात राजेळी किंवा वेलची दिसली तर आवर्जून घ्या. कुणी विकत घेतलं तरच शेतकरी लावणार, नाही का?