फुकट नव्हे, मुक्त

परवा अप्पा बळवंत चौकात तुकारामांची गाथा घेतली. पैसे देऊन बाहेर पडलो आणि मनात आलं, तुकोबांनी तर हे कुणाला विकलं नव्हतं. मग मी पैसे कशाचे दिले? कागदाचे, छपाईचे, बुधवार पेठेतल्या त्या गाळ्याच्या भाड्याचे. अभंगांचे नाहीत. ते उतरवून घ्यायला, उद्या स्वतः छापायलाही मी मोकळा आहे. 1869 आणि 1873 साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन खंड निघाले, म्हणून अभंग काही छापखान्याच्या मालकीचे झाले नाहीत.

वीस वर्षांपूर्वी हेच मला उमगलं नव्हतं. एक मित्र बुधवारातून कोऱ्या सीड्या आणून लिनक्सच्या प्रती काढून द्यायचा. संचाचे शंभर रुपये. डायल-अपवर एक सीडी उतरवायला दिवसाच्या वर वेळ लागायचा, फोनचं बिल वेगळंच. तरी मी त्याला चारचौघांत सुनावलं, "फुकटची वस्तू विकतोस?" तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यापासून त्याने प्रती काढणंच सोडलं. माझ्या तत्त्वामुळे कुणालाच काही फुकट मिळालं नाही. ज्या पोरांना लिनक्स हवं होतं ती चोरीच्या विंडोजकडे परतली.

इतिहास ठाऊक असता तर गप्प बसलो असतो. खुद्द रिचर्ड स्टॉलमनने 1985 साली ईमॅक्सची टेप 150 डॉलरला विकली होती. ज्याच्याकडे नेटवर्क होतं, त्याला तेच फुकट उतरवून घेता येत होतं. 1991 च्या जीपीएलमध्येही प्रत देण्याचे पैसे घ्यायला स्पष्ट मुभा आहे. फक्त सोर्स कोड द्यायला हवा आणि पुढे वाटायचा हक्क हिरावता कामा नये. त्यामुळे लूट फार काळ चालत नाही. एकाने भाव चढवला, तर त्याचाच गिऱ्हाईक उद्या स्वस्तात विकायला बसू शकतो.

उबुंटूने 2005 पासून फुकट सीड्या घरपोच पाठवल्या. पण खर्च होताच, तो कॅनॉनिकल कंपनी सोसत होती. 2011 मध्ये तिने ती योजना बंद केली. कुणीतरी भरतच असतं.

इंग्रजीत फुकट आणि मुक्त याला एकच शब्द आहे, त्यांचा घोटाळा समजू शकतो. आपल्याकडे दोन शब्द असून मी घोटाळा केला.

असो. मित्राची माफी मागायची अजून राहिलीच आहे.