४०००६७ आणि ४०००६९

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील दोन पिनकोड. गणिताच्या दृष्टीने जोडमूळ संख्यांची एक जोडी. ४०००६७ हा कांदिवली पश्चिमेचा, ४०००६९ अंधेरी पूर्वेचा. ज्या दोन मूळ संख्यांत २ चा फरक असतो त्या जोडमूळ. ३ व ५ ही जोडी सोडली, तर जोडीच्या मधल्या संख्येला ६ ने भाग जातोच. इथे ती संख्या ४०००६८, म्हणजे दहिसर. लोकलने जाणाऱ्याला हा क्रम विचित्र वाटेल: दहिसर या दोहोंच्या मध्ये नसून बोरिवलीच्याही पलीकडे आहे.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. या पद्धतीचे श्रेय टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. मुंबईच्या ४००००१ ते ४००१०४ या पट्ट्यात ८ मूळ संख्या आहेत. चार लाखांच्या आसपास दर १३ संख्यांमागे साधारण एक मूळ संख्या सापडते, त्यामुळे अपेक्षाही ८ चीच. इतका चोख मेळ मात्र योगायोग म्हणायचा. वांद्रे पूर्व (४०००५१) आणि चकाला एमआयडीसी (४०००९३) यांचे पिनकोडही मूळ आहेत. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली यांच्या वाट्याला एकही नाही. मुलुंड पूर्वेचा ४०००८१ = ११ × ३७ × ९८३; बोरिवली पश्चिमेच्या ४०००९२ चे तर २² × ३ × ७ × ११ × ४३३ असे तुकडे पडतात.

सहा अंकी मूळ संख्या आज किरकोळच. २०२४ मध्ये सापडलेल्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. पण ४०००६९ वहीवर तपासता येते: वर्गमूळ ६३३ हून कमी, म्हणून ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहिले की झाले.

जोडीतल्या दोघींचे स्वभाव वेगळे. ४०००६९ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि ती एकाच प्रकारे मांडता येते: ५१३² + ३७०². त्यातून १२६२६९, ३७९६२०, ४०००६९ हे पायथागोरसचे त्रिकूट मिळते. ४०००६७ ची बाकी ३, त्यामुळे तिला हे जमत नाही.

ती उणीव ४०००६७ दुसरीकडे भरून काढते. तिच्यातून १ वजा केल्यास बोरिवली पूर्वेचा ४०००६६ येतो आणि त्याची निम्मी, २०००३३, हीसुद्धा मूळ संख्या आहे. अशा संख्येला ‘सेफ प्राइम’ म्हणतात. सांकेतिक लेखनात याच जातीच्या, पण शेकडो अंकी, संख्या वापरतात. १ ला ४०००६७ ने भागत गेल्यास दशांश चिन्हापुढील अंक किती स्थळांनी पुन्हा येतात? ही लांबी ४०००६६ चा विभाजक असावी लागते आणि त्याचे विभाजक चारच: १, २, २०००३३, ४०००६६. उत्तर २०००३३ आहे, कारण ४०००६७ ने भागल्यावर १० एवढी बाकी ठेवणारे पूर्ण वर्ग आहेत.