डीबीटी : तीन अक्षरांची कुळकथा

डहाणू-तलासरीच्या कॉलेजांत ‘डीबीटी पडली का?’ असं कुणी विचारलं, तर तो प्रश्न शिष्यवृत्तीचा असतो. या अक्षरांचं इथलं सर्वांत जुनं नातं मात्र पैशाशी नाही, हवेशी आहे.

डहाणूला हवामान खात्याची वेधशाळा आहे. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी ठेवण्याची वेधशाळांची जुनी रीत आहे. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं असतं, दुसरा कोरडा असतो. कोरड्या फुग्याचं तापमान म्हणजे ‘ड्राय बल्ब टेम्परेचर’, नोंदींमधलं डीबीटी. ओलं मलमल सुकताना त्या फुग्याचं तापमान खाली येतं आणि दोन आकड्यांमधल्या फरकावरून हवेतला दमटपणा काढता येतो. किनाऱ्यालगतच्या या चिकूच्या पट्ट्यात तो दमटपणा बागायतदाराच्या रोजच्या काळजीचा विषय आहे. वातानुकूलन शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही डीबीटी भेटते ती अशीच, अंशांत.

१९८६ मध्ये केंद्र सरकारने जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला. ‘डिपार्टमेंट ऑफ बायोटेक्नॉलॉजी’, म्हणजे पुन्हा डीबीटी. जीवशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्यांना ‘डीबीटी-जेआरएफ’ ही या विभागाची फेलोशिप ठाऊक असते. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मदतीच्या जगातच ही अक्षरं दोन वेगळ्या अर्थांनी वावरतात, ती अशी.

‘डायरेक्ट बेनिफिट ट्रान्सफर’, म्हणजे ‘थेट लाभ हस्तांतरण’, हा तिसरा अर्थ १ जानेवारी २०१३ पासून देशात रुळू लागला. अनुदान आणि शिष्यवृत्ती मधल्या हातांतून न जाता लाभार्थ्याच्या खात्यात जमा व्हावी, हा त्यामागचा विचार. त्याचा पाया होता आधार क्रमांक, आणि देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं होतं. महाराष्ट्रात ‘महाडीबीटी’ पोर्टल आलं आणि योजनेचं नाव घरोघरी पैशाचंच नाव झालं. शेतकरीही अवजारांच्या अनुदानासाठी त्याच पोर्टलवर अर्ज करतो.

वसतिगृहांत या शब्दाला आणखी एक धार आली. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाची रक्कम विद्यार्थ्यांच्या खात्यात देण्याचं ठरवलं. रक्कम उशिरा आली तर जेवायचं काय, हा विद्यार्थ्यांचा सवाल होता. त्या जुलैत त्यांनी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी मोर्चा काढला. सिन्नर तालुक्यात पोलिसांनी तो अडवला. शिकायला शहरात जाणाऱ्या वारली, कोकणा मुलांसाठी तेव्हापासून डीबीटी म्हणजे रोजच्या ताटाचाही हिशेब आहे.

संगणकाच्या जगात २०१६ पासून आणखी एक डीबीटी आली : ‘डेटा बिल्ड टूल’. कंपन्यांच्या साठ्यातली कच्ची माहिती एसक्यूएलच्या आज्ञांनी वापरण्याजोगी करणारं हे मुक्त स्रोत साधन. शिष्यवृत्तीवर संगणकशास्त्र शिकलेली मुलगी उद्या नोकरीच्या जाहिरातीत हीच अक्षरं वाचेल, तेव्हा तिथे ती एक पात्रता असेल.

शिष्यवृत्तीच्या डीबीटीत अर्जदाराला आधी समजायला हवी ती तिची वाट. आधारवर आधारलेल्या पद्धतीत पैसे अर्जावरच्या खाते क्रमांकावर जातीलच असं नसतं. कोणत्या आधार क्रमांकाला कोणती बँक जोडली आहे, याची नोंद एनपीसीआय ही संस्था ठेवते आणि रक्कम शेवटी जोडलेल्या बँकेतल्या खात्यात जाते. शाळेत असताना एका बँकेत आणि कॉलेजात दुसऱ्या बँकेत खातं उघडलेल्या, पण आधारची जोडणी जुन्याच बँकेत राहिलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज मंजूर दिसतो, कॉलेजजवळच्या बँकेतलं खातं मात्र रिकामं राहतं आणि रक्कम गावाकडच्या जुन्या खात्यात पडून असते. म्हणून बँकेत ‘आधार लिंक आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही; डीबीटीसाठी सीडिंग, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीतली ही जोडणी, नेमक्या कोणत्या बँकेत आहे, हे प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्याला मराठीत, कागदावर समजावून द्यायला हवं.